तागडी: पेढीवरच्या स्क्रिप्टच्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

सकाळी पावणेदहाला सांगलीच्या मार्केट यार्डातून दिवाणजींचा फोन. "ताई, यादी आजबी वेळेत निघाली नाही. सौदे सुरू झाले, शेठ वरडाय लागलेत."

यादी म्हणजे शेतकरीवार उचल आणि शिल्लक. ज्याची हळद आज सौद्याला लागणार त्याने आधी किती उचल घेतली आहे, हे पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करताना शेठना समोर लागतं. पेढीवर रात्री मेन स्विच पाडून ठेवतात. एकदा लाईटच्या झटक्याने कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला होता, तेव्हापासूनची ही रीत. त्यामुळे साडेआठला दिवाणजी मशीन चालू करतात, स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) आपोआप लागते आणि सव्वानऊच्या आत कागद हातात पडायला हवा. या हंगामात तो पावणेदहाच्या आत कधी पडलेला नाही.

स्क्रिप्ट माझीच, सहा वर्षांपूर्वीची. ग्रेप (शब्द शोधणारा), सॉर्ट (क्रम लावणारा), कट (रकाना कापणारा), सेड (मजकूर बदलणारा), डेट (तारखेचा), जीझिप (फाइली आवळणारा) अशी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली तयार हत्यारं शेलच्या, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामच्या, दावणीला बांधलेली. तेव्हा एका हंगामाच्या पट्ट्या होत्या. आता तीन हंगामांच्या १८ हजार ४०० फाइली आहेत. एका पट्टीला एक फाइल, ही अक्कलही माझीच.

दुपारी पेढीवर जाऊन अख्खी स्क्रिप्ट टाइम ही वेळ मोजणारी आज्ञा लावून चालवली. रिअल ४९ मिनिटं, यूझर १४, सिस २७. रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ. यूझर म्हणजे प्रोसेसरने प्रोग्रामच्या स्वतःच्या कामात घालवलेला, आणि सिस म्हणजे त्या प्रोग्रामच्या वतीने कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, राबण्यात घालवलेला. दोन्ही मिळून ४१, उरलेली आठ मिनिटं कशाची तरी वाट बघण्यात. सिस यूझरच्या दुप्पट का, हे वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेले.

माझा संशय ग्रेपवर होता. एकट्या ग्रेपला सगळ्या पट्ट्यांवर सोडलं तर ५२ सेकंद. खात्रीसाठी पुन्हा तीच आज्ञा दिली तर ०.४ सेकंद! मी कशाला हात लावला नव्हता. पहिल्या वेळी फाइली हार्ड डिस्कवरून आल्या, दुसऱ्या वेळी लिनक्सने मेमरीत धरून ठेवलेल्या प्रतींवरून. म्हणजे एकदाच मोजून काढलेला कुठलाही आकडा कवडीमोलाचा.

ठरलं: आधी मोजणारी स्क्रिप्ट, मग दुरुस्ती. नाव तागडी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला कच्चा मसुदा पायथन भाषेत. एका साध्या फाइलीत आज्ञा लिहायच्या, तागडी प्रत्येक आज्ञा दहा वेळा चालवणार आणि प्रत्येक धावेची ओळ सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलीत, टाकणार. सरासरी काढून मूळ आकडे फेकून द्यायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवलं ते बरं झालं.

या कामासाठी हायपरफाइन नावाचं तयार हत्यार आहे, डेव्हिड पीटर यांचं, रस्ट भाषेत लिहिलेलं. माझ्या लॅपटॉपवर ते आहे आणि चांगलं आहे. पण पेढीवरच्या मशीनला इंटरनेट नाही, उबुंटू (लिनक्सचा एक अवतार) जुनं आहे, आणि मला प्रत्येक धावेसोबत त्या वेळची मशीनची हालतही नोंदवून हवी आहे. शिवाय स्वतः केल्याशिवाय कुठे घसरतं ते कळत नाही.

पहिली घसरण तासाभरात. जीझिप आणि झेडस्टँडर्ड या फाइली आवळणाऱ्या दोघांची शर्यत लावली. जीझिपला ०.९ सेकंद, झेडस्टँडर्डला ०.००३. फेसबुकमधल्या यान कोलेंनी २०१६ मध्ये बाहेर आणलेलं झेडस्टँडर्ड वेगवान आहे हे माहीत होतं, पण तीनशे पट? मग लक्षात आलं, पेढीवरच्या मशीनवर ते बसवलेलंच नाही. शेलने "अशी आज्ञा सापडली नाही" म्हणून १२७ हा कोड परत दिला आणि माझ्या तागडीने त्याला पहिला नंबर दिला.

आता परतीचा कोड शून्य नसेल तर धाव बाद. अपवाद ग्रेपचा. काहीच सापडलं नाही तर तो १ परत करतो, ती चूक नव्हे. खरी चूक झाली की २.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मशीन चालू झाल्या झाल्या तागडी लागेल अशी सोय करून आले होते. दुपारी सीएसव्ही उघडली तर एका ओळीत वेळ: उणे १९,७९१ सेकंद.

ही ओळ बघून आधी हसू आलं, मग डोक्याला हात. १९,८०० सेकंद म्हणजे बरोबर साडेपाच तास, आणि साडेपाच तास म्हणजे भारताच्या आणि जागतिक प्रमाणवेळेतलं अंतर. या मशीनवर मागाहून कुणीतरी विंडोजही टाकलं आहे. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स तीच वेळ जागतिक समजून त्यात आणखी साडेपाच तास मिळवतं. इंटरनेट नाही म्हणून हे कधी नीट होत नव्हतं आणि कुणाला कळतही नव्हतं. आज सकाळी शेठच्या मुलाने मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं, मशीनला खरी वेळ मिळाली आणि घड्याळ साडेपाच तास मागे सरकलं, नेमकं माझी नऊ सेकंदांची एक धाव चालू असताना.

चूक माझी. मी पायथनचं टाइम-डॉट-टाइम वापरलं होतं. ते भिंतीवरचं घड्याळ, कुणीही मागेपुढे करावं असं. कालावधी मोजायला पर्फ-काउंटर आहे, २०१२ सालच्या पायथन ३.३ पासून. त्याला आत्ता किती वाजले हे ठाऊक नसतं, पण ते मागे जात नाही. एक ओळ बदलली. विंडोजलाही जागतिक वेळ ठेवायला सांगून आले, नाहीतर पट्ट्यांवरच्या वेळाही संशयाच्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लाज गेली, तीही शेठसमोर.

ग्रेपला उणे-आर (फोल्डरमधल्या सगळ्या फाइली शोध) देऊन सगळ्या पट्ट्यांत "उचल" हा शब्द शोधायला लावला आणि निकालांचा पसारा नको म्हणून तो डेव्ह-नलमध्ये सोडला, म्हणजे लिनक्सच्या अंधारकोठडीत. वेळ आला ०.००२ सेकंद. पट्ट्या मेमरीत होत्या, तरी परवाचा आकडा ०.४ होता. दोनशेपट फरक. मी उत्साहात शेठना सांगून टाकलं की शोधायचं काम पापणी लवायच्या आत होतंय, अडचण दुसरीकडे आहे. शेठ म्हणाले, "मग उद्या यादी नऊला द्या."

घरी येऊन विचार केला तर हे शक्यच नाही. १८ हजार फाइली नुसत्या उघडायलाही याहून जास्त वेळ लागेल. शोध घेतल्यावर कळलं की जीएनयू प्रकल्पाचा ग्रेप हुशार आहे. आपलं बोलणं डेव्ह-नलमध्ये जातंय हे त्याला दिसतं. ऐकणारं कुणीच नाही म्हटल्यावर पहिला शब्द सापडताच तो काम थांबवतो. पहिल्याच पट्टीत "उचल" होती, तिथेच त्याने हात झटकले.

गणपतीच्या आरतीला कुणी बघत नसेल तर टाळ्या कोण वाजवतं? ग्रेपचं चुकलं नाही, माझं चुकलं. निकाल कुणीतरी खरोखर घेतला पाहिजे. तागडी आता तो पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्रामांमधल्या नळीतून, घेते आणि किती बाइट आले तेही लिहिते. दोन धावांचे बाइट वेगळे आले तर दोन्ही संशयित.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाइपने अडकवलं. तागडी सॉर्ट चालू करून तो संपायची वाट बघत बसली, आणि सॉर्ट आपलं म्हणणं कुणी ऐकेल याची वाट बघत बसला. लिनक्सच्या पाइपमध्ये साधारणपणे ६४ किलोबाइट मावतात. ती भरली की लिहिणारा थांबतो, आणि वाचणारी मी तर तो संपल्यावरच वाचणार होते. दोघं एकमेकांसाठी दारात उभे, "आधी आपण, आधी आपण". पायथनमधलं वेट काढून कम्युनिकेट टाकलं, ते वाचतही राहतं आणि वाटही बघतं.

मेमरीच्या रकान्यातही घोळ सापडला. सॉर्टनंतर चालवलेला इवलासा कटही सॉर्टएवढीच मेमरी खातो असं दिसत होतं. कारण मी गेट-आर-यूसेज या हिशेबनिसाला "सगळ्या मुलांचा", म्हणजे तागडीने चालू केलेल्या सगळ्या प्रोग्रामांचा, हिशेब विचारत होते. त्यात वेळा बेरजेने येतात, पण मेमरीचा आकडा आजवरच्या सर्वांत खादाड मुलाचा. प्रत्येकाचं वेगळं हवं तर वेट-फोर वापरावं लागतं. बदललं.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरी, विश्रामबागेत. लॅपटॉपवर तागडीची परीक्षा. एकच सॉर्ट शंभर वेळा चालवला आणि आकड्यांचा आलेख काढला. एक टेकडी यायला हवी होती, आल्या दोन: एक ०.१५ सेकंदाच्या आसपास, दुसरी ०.३१ च्या.

कारण स्वयंपाकघरातून ऐकू आलं. मिक्सर बंद पडला होता, लाईट गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसर आपोआप बेताने चालतो. सरासरी काढली असती तर ०.२३ आली असती, जी शंभरातल्या एकाही धावेत प्रत्यक्षात आली नव्हती. दोन टेकड्यांच्या मधल्या दरीत घर बांधण्यासारखं.

आता प्रत्येक ओळीत चार्जर आहे की नाही आणि प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर कोणता, हे दोन रकाने वाढले. आकडा कोणता सांगायचा याचाही विचार केला. बाहेरचा गोंगाट वेळ वाढवतोच, कमी करत नाही, म्हणून किमान आकडा प्रोग्रामच्या मूळ कष्टाच्या सर्वांत जवळचा. पण दिवाणजींना किमान वेळेत यादी मिळत नाही, रोजच्या वेळेत मिळते. म्हणून मी मध्यक आणि किमान दोन्ही लिहिते, सरासरी लिहितच नाही.

आणखी एक. आधी अ दहा वेळा, मग ब दहा वेळा असं करू नये. तोवर मशीन तापलेलं असतं, भोग ब ला. आता क्रम पिसून चालवते, पत्त्यांसारखा.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

सकाळी हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला. कृष्णा-वारणेचा संगम, पायऱ्यांवर ही गर्दी. येताना बाबांनी नेहमीप्रमाणे पेवांची जागा दाखवली. हरिपूरच्या मातीत खोल खोदलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पाणी शिरून बहुतेकांची वाट लागली. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते, मग माल वर येतो. दुकानात फडीवर ओतलेली हळद मात्र हात घातला की मूठभर.

गाडीत बसल्याबसल्या डोक्यात ग्रेपचे ५२ सेकंद आणि ०.४ सेकंद. पहिला आकडा पेवातल्या मालाचा, दुसरा फडीवरच्या. मोजणारे लोक सहसा आधी दोन-तीन धावा फुकट घालवतात, मशीन "गरम" करतात आणि मग मोजतात. दिवसभर चालणाऱ्या सर्व्हरला ते योग्य. पण आमचं मशीन रोज सकाळी मेन स्विचवरून उठतं. दिवाणजींची प्रत्येक सकाळ ही पेव उघडण्याची सकाळ आहे. मी गेले पंधरा दिवस फडीवरचा माल मोजत होते.

संध्याकाळी थंड मोजणीची सोय केली. प्रत्येक धावेआधी सिंक करायचं, म्हणजे मेमरीत अडलेलं डिस्कवर उतरवायचं, आणि ड्रॉप-कॅशेस या फाइलीत ३ लिहायचे, की मेमरीतल्या प्रती जातात. इथे एक जुनी ठेच: सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारी आज्ञा) एको करून बाणाने (>) त्या फाइलीत लिहायला गेलं तर परवानगी नाकारली जाते. एकोला सुडो मिळालं, बाण मात्र माझ्या साध्या शेलनेच मारला. मध्ये सुडो टी घालायचा, तो फाइलीत स्वतःच लिहितो.

३ मार्च, सोमवार

आज सगळ्या हत्यारांचे आकडे एका कागदावर मांडले, पेढीच्या मशीनवरचे, थंड. पट्ट्या वाचायला ५२ सेकंद. सॉर्ट १.१. जीझिप ०.९. पट्ट्यांची प्रत पेन ड्राइव्हवर टाकायला सात मिनिटं, कारण १८ हजार छोट्या फाइली एकेक करून जातात. बेरीज आठ मिनिटं, थोडी कमी. पूर्ण स्क्रिप्ट ४९ मिनिटं.

४१ मिनिटं कुणीच खाल्ली नाहीत. रोजमेळ जुळला नाही की दिवाणजी घरी जात नाहीत, आज मला तसं झालं.

दिवाणजी कागदाकडे बघत म्हणाले, "बारदान धरलंय का ह्यात?"

ते गमतीत म्हणाले. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की पोत्याचं स्वतःचं वजन वजा करायचं असतं, एवढाच त्यांचा अर्थ. पण मी खरंच बारदान मोजलं नव्हतं. एखादा प्रोग्राम काहीही न करता नुसता चालू होऊन संपायला किती वेळ लागतो?

त्यासाठी ट्रू नावाचा प्रोग्राम आहे. काही करत नाही, "बरोबर" म्हणतो आणि संपतो. एक खबरदारी: शेलमध्ये ट्रू असं लिहिलं तर शेल स्वतःच उत्तर देतो, नवीन प्रोग्राम चालूच होत नाही, म्हणजे रिकाम्या काट्याचं वजन येतं. बिनमधल्या ट्रूचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो. हजार वेळा चालवला. मध्यक २.२ मिलिसेकंद, त्यातला जास्त भाग सिसमध्ये. कर्नेलने नवी प्रोसेस जन्माला घालायची, फाइल शोधायची, लायब्ररी मेमरीत आणायच्या, मेमरीची पानं मांडायची आणि लगेच सगळं आवरायचं, त्याचा हा खर्च.

२.२ मिलिसेकंद. एवढ्याशाने काय होतंय, म्हणून कागद मिटला.

४ मार्च, मंगळवार

पहाटे जाग आली ती सिस २७ मिनिटांसकट. उठून स्क्रिप्ट उघडली.

पट्ट्यांवरून एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, जातो. प्रत्येक पट्टीत सुमारे १२ ओळी. प्रत्येक ओळीला रक्कम काढायला एक कट, खाते क्रमांक काढायला दुसरा कट, स्वल्पविराम उडवायला टीआर, मोकळ्या जागा छाटायला सेड आणि तारीख उलटी करायला डेट. एका ओळीमागे पाच प्रोग्राम.

१८,४०० गुणिले १२ गुणिले ५. अकरा लाख चार हजार. त्याला २.२ मिलिसेकंदांनी गुणलं की साडेचाळीस मिनिटं.

रोज सकाळी अकरा लाख वेळा एक हमाल दारात येतो, चिमूटभर हळद उचलतो आणि निघून जातो. ग्रेप बदलावा की सॉर्ट, या वादात मी तीन आठवडे घातले, आणि तो सगळा माल मिळून दोन मिनिटांचासुद्धा नव्हता. बाकी बारदान. पहिल्या दिवशी टाइमने सांगितलंही होतं, सिस यूझरच्या दुप्पट आहे म्हणून. वहीत आहे ते, माझ्याच अक्षरात.

८ मार्च, शनिवार

लूप काढला. त्याच्या जागी एकच ऑक, रकान्यांवर काम करणारं आणखी एक तयार हत्यार: सगळ्या पट्ट्या एका दमात वाचतो, रकाने स्वतः फोडतो, स्वल्पविराम स्वतः उडवतो, तारखेचे तीन तुकडे करून उलटे जोडतो. अकरा लाख प्रोग्रामांऐवजी एक. पट्ट्या मेमरीत असताना १.९ सेकंद. साडेचाळीस मिनिटांचे दोन सेकंद झाले यावर माझा विश्वास बसेना, म्हणून जुन्या आणि नव्या यादीची डिफ (फरकांची यादी) काढली. फरक एका ओळीचा, आणि त्यात जुनी यादी चुकीची होती: एका पट्टीत रकमेत दोन स्वल्पविराम लागोपाठ पडले होते.

उबुंटूवर ऑक म्हटलं की सहसा मॉक हा ऑकचा अवतार मिळतो. तो मी वापरलेल्या जीऑकपेक्षा (जीएनयूच्या ऑकपेक्षा) वेगवान आहे, इथे १.१ सेकंद. पण मशीनवरचा मॉक अक्षरं नाही, बाइट मोजतो. "हळद" ची लांबी विचारली तर ९ सांगतो, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं. जीऑक ३ सांगतो. यादीचे रकाने सरळ यायला हवेत म्हणून जीऑक ठेवला.

१२ मार्च, बुधवार

हाव नडली.

सगळं इतकं छान चालू असताना सॉर्टच्या १.१ सेकंदाकडे लक्ष गेलं. एलसी-ऑल या भाषेच्या सेटिंगला सी दिलं की सॉर्ट भाषेचे नियम बाजूला ठेवून नुसते बाइट ताडतो. मोजलं, ०.१५ सेकंद. सातपट! लगेच स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एक्स्पोर्ट करून मोकळी झाले.

सकाळी दिवाणजींचा फोन. "ताई, यादी नऊच्या आधीच निघाली की ओ. पण रकाने सगळे वाकडे झालेत. नाव मोठं असलं की शिल्लक आत सरकतीय, आन् नावंबी भलत्याच जागी हायत."

दोन्ही पापं त्या एका ओळीची. ती अख्ख्या स्क्रिप्टला लागू झाली, म्हणून जीऑकही बाइट मोजू लागला. आणि बाइटच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे माळी मासाळांच्या आधी गेले. दिवाणजी यादीवरून बोट फिरवतात ते शाळेत पाठ केलेल्या क्रमाने, त्यांना युनिकोडशी देणंघेणं नाही.

दुरुस्ती: मधल्या टप्प्यांवर, जिथे फक्त खाते क्रमांक लावायचे, तिथे सॉर्ट आणि जॉइन (दोन फाइली जुळवणारा) दोघांनाही सी. दोघांना सारखंच द्यायला हवं, नाहीतर फाइल क्रमाने नाही म्हणून जॉइन कुरकुरतो. शेवटच्या नावांच्या यादीसाठी चार ओळींचं पायथन, जे ळ ला ह नंतर नेऊन बसवतं.

आणि रकाने? जीऑकही "हिशेब" ची लांबी ५ सांगतो, कारण वेलांटी आणि मात्रा तो वेगळ्या मोजतो. डोळ्यांना दिसतात तीन. म्हणजे आधीही रकाने थोडे डुगडुगतच होते, कुणी बोललं नव्हतं इतकंच. नाव आणि गाव हे रकाने सगळ्यात शेवटी नेले, आकडे आधी. मोजायची भानगडच मिटली. आता मॉक वापरला तरी चालेल, पण आठ दशांश सेकंदासाठी पुन्हा हात घालणार नाही. कालचा धडा एकच सेकंदाचा होता आणि एक सकाळ गेली.

१७ मार्च, सोमवार

उरलेली आठ मिनिटं. जुन्या दोन हंगामांच्या पट्ट्या जोडून एकेक मोठी फाइल केली, चालू हंगामाच्या तेवढ्या सुट्या ठेवल्या. थंड वाचन ५२ सेकंदांवरून नऊवर.

पेन ड्राइव्हसाठी टारने एक गठ्ठा बांधून जीझिपमधून काढला. तागडी म्हणाली १.३ सेकंद. सात मिनिटांवरून एवढं खाली? आता मी शहाणी झाले आहे, थापा ओळखते. लिहिणारा प्रोग्राम संपला याचा अर्थ डेटा पेन ड्राइव्हवर पोहोचला असा होत नाही, तो मेमरीत रांगेत उभा असतो. मोजणीत सिंक धरलं. ४.६ सेकंद, हा खरा. स्क्रिप्टमध्येही सिंकनंतरच "पेन ड्राइव्ह काढा" अशी पाटी येते. दिवाणजी पूर्वी दिवा लुकलुकत असतानाच काढायचे, म्हणून मागच्या वर्षीच्या दोन प्रती अर्धवट आहेत. त्यांना आज त्याचं कारण सांगितलं, ते म्हणाले, "म्हंजी गाडी भरल्यावर पोचपावती घेतल्याबिगर सोडायची नाही."

झेडस्टँडर्डही बसवून पाहिलं. आवळायला ०.१५ सेकंद, पण पेन ड्राइव्ह लिहिणार त्याच वेगाने. जीझिपच राहू दिला. तो १९९२ पासूनचा आहे आणि पेढीवरचं कुठलंही मशीन त्याची फाइल उघडू शकतं.

२८ मार्च, शुक्रवार

मार्चअखेरची धावपळ, यार्डात पाय ठेवायला जागा नाही. सकाळी साडेआठला पेढीवर मुद्दाम हजर राहिले. मेन स्विच, कॉम्प्युटर, स्क्रिप्ट. तागडीची शेवटची थंड नोंद: यादीची फाइल तयार व्हायला १३ सेकंद, प्रत धरून १८.

मग प्रिंटरची कर्रकर्र सुरू झाली. डॉट मॅट्रिक्स, ६१४ खाती, लांबलचक कागद. दिवाणजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मीही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अकरा मिनिटं.

"हे मोजलं नव्हतं व्हय तुम्ही?" दिवाणजी म्हणाले.

नव्हतं. स्क्रिप्ट छापायला आज्ञा देऊन मोकळी होते, पुढचं तिच्या हिशेबात येतच नाही. आज ज्यांचा माल सौद्याला आहे तेवढीच खाती आधी छापायची, बाकीची दुपारी, असं ठरलं. आजच्या मालाची यादी दिवाणजी आदल्या संध्याकाळी वहीत लिहितात. ती कॉम्प्युटरवर कुणी घ्यायची यावर शेठ, दिवाणजी आणि मी अशी चहावर बैठक, पाडवा झाल्यावर.